टी-पेशी ‘थकतात’ म्हणजे काय? टेलोमरेज त्यांचं आयुष्य कसं वाढवतं?

ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला मंजुरी मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तो तयार झाला. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत जनुकीय बदल करतात, लॅबमध्ये त्यांची संख्या वाढवतात आणि त्या परत शरीरात सोडतात.

अडचण कुठे येते?
पेशी सारखी विभागली की थकते. दोरी उसवू नये म्हणून टोकाला गाठ मारतात, तशी गुणसूत्राच्या टोकाला टेलोमिअर असतात. प्रत्येक विभागणीत ती थोडी झिजतात. फारच आखूड झाली की विभागणी थांबते.

टेलोमरेज काय करतं?
हे एन्झाइम झिजलेलं टोक पुन्हा वाढवतं. त्यावरच्या कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना 2009 चं नोबेल मिळालं. टी-पेशी स्वतःही थोडं टेलोमरेज बनवतात, पण ते पुरत नाही. त्याचं जनुक बाहेरून घातल्यावर लॅबमधल्या टी-पेशी जास्त काळ विभागत राहिल्याचं दिसलं आहे.

मग सर्रास का वापरत नाहीत?
कारण सुमारे 85 ते 90 टक्के कॅन्सरमध्ये हेच एन्झाइम सुरू असतं. म्हणून जनुक कायमचं घालण्याऐवजी काही दिवसांत नष्ट होणारा एमआरएनए वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. नेक्सकार19 मध्ये टेलोमरेजचं जनुक घालत नाहीत. त्यामुळे ‘टेलोमिअर वाढवा’ म्हणणारी गोळी म्हणजे हा उपचार नव्हे.