ॲम्प्लिफायरची शक्ती आणि ध्वनीची गुणवत्ता

ॲम्प्लिफायरची शक्ती म्हणजे आवाज न फाटता तो स्पीकरला सतत किती विद्युतशक्ती पुरवू शकतो याचे माप. ते वॅटमध्ये सांगतात. ध्वनिमुद्रणात जे आहे ते शक्य तितक्या प्रामाणिकपणे कानापर्यंत पोचवणे हे हाय-फाय यंत्रणेचे काम. ‘जास्त वॅट म्हणजे चांगला आवाज’ हा समज बाजारात पक्का रुजला आहे, पण तो खरा नाही. आवाज किती मोठा करता येईल एवढेच वॅटचा आकडा सांगतो. त्या मर्यादेच्या आत आवाज कसा असेल हे त्यावरून कळत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र गुणवत्ता तत्काळ ढासळते, आणि शक्तीचा गुणवत्तेशी जो काही संबंध आहे तो तेवढ्यापुरता आहे.

कानाला जाणवणारा मोठेपणा वॅटच्या प्रमाणात वाढत नाही. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबलची भर पडते. हा फरक कळतो, पण बेताचाच. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ५० वॅटच्या ॲम्प्लिफायरऐवजी ६० वॅटचा घेतला तर पडणारी भर ०.८ डेसिबलची, म्हणजे गाणे ऐकताना लक्षातही येऊ नये इतकी. त्याहून महत्त्वाचा आकडा स्पीकरच्या संवेदनशीलतेचा: १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात. घरगुती स्पीकरसाठी तो बहुधा ८४ ते ९० असतो. ९० डेसिबलच्या स्पीकरला २५ वॅट दिले किंवा ८४ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट दिले, तरी आवाज सारखाच होतो.

उदाहरणादाखल नवीन पनवेल किंवा खांदा कॉलनीतल्या इमारतीतला दहा बाय बारा फुटांचा हॉल घेऊ. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आणि ऐकणारा अडीच मीटरवर. अंतरामुळे सुमारे ८ डेसिबल जातात. दोन स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा आवाज मिळून साधारण ६ डेसिबल परत येतात. म्हणजे प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला की कानाशी ८५ डेसिबलच्या आसपास आवाज पोचतो. घरात मन लावून ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबल धरली, तर तिला एका वॅटचा दहावा भाग पुरतो. तबल्याचा एखादा आघात किंवा ढोलकीची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळते असे मानले, तरी त्या क्षणापुरते १० वॅट लागतात. अशा हॉलमध्ये १०० आणि २०० वॅटमधली निवड ही ऐकण्यातली निवड राहतच नाही.

मोकळ्या जागेत हिशेब पार बदलतो. भिंती नसल्या की अंतर दुप्पट झाल्यावर ६ डेसिबल कमी होतात. स्पीकरपासून १ मीटरवर जो आवाज मिळतो तोच ३२ मीटरवर हवा असेल तर ३० डेसिबलची, म्हणजे हजारपट शक्तीची गरज पडते. पनवेल तालुक्यातल्या आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीत लागणाऱ्या डीजेच्या भिंतींना हजारो वॅट लागतात ते यामुळे. तिथे आवाज दूरवर आणि गर्दीवर पसरवायचा असतो. बारकावे टिपणे हा हेतूच नसतो. पनवेल शहरातल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारखे बंदिस्त सभागृह या दोन टोकांच्या मध्ये येते. वॅट मोजण्याची सवय मैदानात रास्त आहे. ती तशीच्या तशी घरात आणली की चुकते.

हाय-फायच्या इतिहासातही गुणवत्ता आधी आली आणि मोठे वॅट नंतर. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी प्रसिद्ध केलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर १५ वॅटचा होता. त्याची विकृती ०.१ टक्क्याच्या आत होती आणि पुढे अनेक वर्षे तो नमुना मानला गेला. जर्मनीच्या १९६०च्या दशकातल्या डीआयएन ४५५०० या मानकाने हाय-फाय स्टिरिओ ॲम्प्लिफायरसाठी प्रत्येक चॅनेलला किमान ६ वॅट एवढीच अट ठेवली होती. वॅट वाढण्याचे एक खरे कारण स्पीकरमध्ये होते. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या एआर-१ या स्पीकरने छोट्या बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला, पण त्याची किंमत संवेदनशीलतेत मोजावी लागली. छोट्या पेट्या घरोघरी गेल्या आणि त्यांना हलवण्यासाठी जास्त शक्तीचे ॲम्प्लिफायर लागू लागले.

शक्ती अपुरी पडते तेव्हा काय होते हे नेमके समजून घ्यायला हवे. ॲम्प्लिफायर आपल्या विद्युतपुरवठ्याच्या व्होल्टेजपेक्षा वर जाऊ शकत नाही. संकेत त्यापुढे गेला की लहरीचा माथा सपाट छाटला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. आवाज कर्कश होतो, तबल्याची चाट बोथट होते, गायकाची वरची तान फाटते. छाटलेल्या लहरीची सरासरी शक्तीही वाढते: माथ्याची उंची तीच असताना चौकोनी लहर साध्या ज्यालहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. आवाज जबरदस्तीने वाढवलेला लहान ॲम्प्लिफायर ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, जाळतो तो याच कारणाने. म्हणून गरजेपेक्षा थोडी जास्त शक्ती हाताशी असणे शहाणपणाचे आहे, विशेषतः स्पीकर कमी संवेदनशील असेल किंवा खोली मोठी असेल तर.

त्यापलीकडे आवाजाचा दर्जा इतर गोष्टी ठरवतात. तंबोऱ्याच्या जवारीत कितीतरी उपस्वर असतात आणि पातळी खालची असते. तिथे ॲम्प्लिफायरची खरी परीक्षा होते, आणि ती परीक्षा एका वॅटच्या आत होते. एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरांचा स्थिरप्रवाह नीट लावलेला नसेल, तर लहर शून्यातून जाताना वाकडी होते. ही विकृती हळू आवाजात अधिक बोचते. पूर्ण शक्तीवरचा विकृतीचा आकडा उत्तम असूनही हा दोष राहू शकतो. सुसकाऱ्यासारखा पार्श्वरव किंवा ट्रान्सफॉर्मरची ५० व १०० हर्ट्झची गुणगुण हेही असेच दोष. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी काही वारंवारतांना त्याचा रोध ३-४ ओहमपर्यंत उतरतो आणि तेव्हा जास्त प्रवाह द्यावा लागतो. ८ ओहमला ५० वॅट आणि ४ ओहमला ९० वॅट देणारा ॲम्प्लिफायर बहुधा भक्कम पुरवठ्याचा असतो.

सर्वांत मोठा वाटा मात्र स्पीकर आणि खोलीचा. बारा फुटी लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास स्थिर लहर तयार होते. त्यामुळे भिंतीलगत खर्ज घुमतो, तर खोलीच्या मध्यावर तो नाहीसा होतो. व्हिट्रिफाइड लादी आणि उघड्या भिंती वरचे स्वर उसळवून देतात. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि स्पीकर भिंतीपासून सरकवणे यांनी जो फरक पडतो, तो वॅट दुप्पट केल्याने पडत नाही.

तरीही दुकानात मोठा ॲम्प्लिफायर सरस वाटतो. हळू आवाजात कान खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. त्यामुळे किंचित मोठा लावलेला संच अधिक भरदार वाटतो. दोन ॲम्प्लिफायरची खरी तुलना करायची तर दोहोंची पातळी मोजून सारखी करावी लागते आणि कोणता वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला माहीत नसावे लागते.

छापील आकड्यांवर विसंबणेही धोक्याचे असते. भारतीय बाजारात होम थिएटरच्या खोक्यांवर हजारांत छापला जाणारा पीएमपीओ हा आकडा कोणत्याही मान्य मोजणीवर बेतलेला नसतो. अमेरिकेत अशाच अतिशयोक्तीमुळे फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला: शक्ती सांगताना ती सतत मिळणारी असावी, आणि स्पीकरचा रोध, वारंवारतेची कक्षा व विकृतीची टक्केवारी सोबत द्यावी. या चार गोष्टींशिवायचा वॅट अर्धवट असतो. पडताळणी सोपी आहे. १२ व्होल्ट ५ अँपिअरच्या ॲडॉप्टरवर चालणारे यंत्र आत ६० वॅट घेते. ते सतत त्याहून जास्त बाहेर देऊच शकत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या, हौशी कारागिरांच्या आवडत्या ‘४४४०’ बोर्डावरची एलए४४४० ही आयसी दोन चॅनेलना सुमारे ६-६ वॅट किंवा ब्रिज जोडणीत एका चॅनेलला १९ वॅट देते. चांगल्या संवेदनशीलतेच्या स्पीकरवर, लहान खोलीत, तेवढे ऐकायला पुरतात.

शक्तीला कायद्याचीही मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही पातळी ठरलेली आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज स्वतःच्या हद्दीच्या सीमेवर या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. पनवेलच्या सदनिकेत सामाईक भिंतीपलीकडे शेजारी राहतात, आणि खर्ज भिंतीने फारसा अडत नाही; त्यामुळे १०० वॅटचा ॲम्प्लिफायर तिथे पूर्ण शक्तीने कायद्यात राहून वाजवता येत नाही.