बाजेखालची शेगडी

घोडनदीकाठचं शिरूर असो की भीमेकाठचं दौंड, जुन्या घरात बाळंतिणीची खोली लावताना सुंभाची बाज आणि शेगडी आधी काढत. न्हाणं झालं की बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली सरकवायची, वर ओवा-शेपा टाकायचा. आजच्या इन्फ्रारेड हीटरची आपल्याकडची पूर्वज हीच, असं मी मानतो.

तापलेली हवा पत्र्याच्या फटींतून निघून जाते. अंगाला थेट लागतो तो निखाऱ्याच्या किरणांचा शेक, आणि सुंभाच्या विणीतल्या मोकळ्या जागांमधून तो पाठीपर्यंत पोचतो. मध्ये जाड गोधडी आली की तीच आधी तापते. शेकणाऱ्या बायांना हे अनुभवानं ठाऊक होतं. त्या किरणांचा शोध मात्र 1800 साली लागला. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलनं लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात तापमापक धरला. तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, पारा आणखी वर चढला.

पुढे निखाऱ्याची जागा विजेच्या तारेनं घेतली. कोंबड्यांच्या शेडमध्ये 250 वॅटचे लाल बल्ब टांगले जाऊ लागले. पिल्लं बल्बखाली दाटी करू लागली तर ऊब कमी पडते आहे, लांब पांगली तर जास्त झाली, हे पाहून बल्ब खालीवर करायचा. वीज गेली की तिथे आजही कोळशाची शेगडीच पेटते.

सरकारी दवाखान्याच्या प्रसूतिकक्षातला रेडियंट वॉर्मर याच कुळातला. बाळाला आधी कोरडं पुसून उघड्या अंगानंच त्याखाली ठेवतात, कारण कपडा किरण अडवतो. कातडीला चिकटवलेला सेन्सर 36.5 अंशांच्या आसपास ऊब राखतो. शेगडी जे अंदाजानं करायची, ते इथे मोजून होतं, आणि बाळाच्या छातीत धूर जात नाही. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. शेगडीचा खरा धोका तर धूर दिसेनासा झाल्यावरही उरतो: लालबुंद निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद खोलीत तो मायलेकरांचा जीव घेतो.

घरात इन्फ्रारेड हीटर आणलात तर त्याच्या समोर बसा. खोलीची हवा बराच वेळ गारच राहील, आडोशाला बसलेल्याला काही लागणार नाही. तो बाजेखाली मात्र कधीही सरकवू नका. लोंबणारी गोधडी पेट घेते.