तीन गावांचे तीन कागद

1912च्या जुलै महिन्यातले इंग्लंडच्या हर्न बे गावचे कागद तारीखवार लावले, की अंगावर काटा येतो. 8 तारखेला बेसी मंडी आणि तिच्या नवऱ्याने एकमेकांच्या नावे मृत्युपत्रे केली. तिचे अडीच हजार पौंड विश्वस्तांच्या ताब्यात होते. मृत्युपत्राशिवाय त्या पैशांना हात लावणे नवऱ्याला अवघड होते. 9 तारखेला दोन पौंडांचा टब घासाघीस करून एक पौंड सतरा शिलिंग सहा पेन्सला ठरला. 10 तारखेला नवऱ्याने तिला डॉक्टरकडे नेले आणि फिट आल्याचे सांगितले. 13 तारखेला ती त्या टबात मेलेली सापडली.

डॉक्टरांनी जे पाहिले ते असे: डोके पाण्याखाली, पाय ताठ, पावले पाण्याबाहेर, मुठीत घट्ट धरलेला साबण. टबाला नळ नव्हता, म्हणजे पाणी बादल्यांनी आणून ओतलेले. तरी ‘फिट येऊन बुडाली’ असा निर्णय झाला.

पुढे 12 डिसेंबर 1913ला ब्लॅकपूलमध्ये ॲलिस बर्नहॅम आणि 18 डिसेंबर 1914ला लंडनच्या हायगेटमध्ये मार्गारेट लॉफ्टी अशाच गेल्या. तिन्ही ठिकाणी आधी डॉक्टरची भेट, नवऱ्याच्या लाभाचे मृत्युपत्र आणि मग टब. नवऱ्याचे नाव मात्र प्रत्येक वेळी एकच नव्हते. त्या चौकश्यांना केवळ निष्काळजी म्हणणे मला पटत नाही. प्रत्येक गावाकडे एकच कागद होता, आणि एका कागदावर तो अपघातच दिसतो.

यांतले दोन कागद जुळवले ते ॲलिसच्या वडिलांनी आणि ब्लॅकपूलचे घरमालक जोसेफ क्रॉसली यांनी. मार्गारेटच्या मृत्यूची बातमी वाचून दोघांनीही आपापला संशय कळवला. मग तिघींचाही तो एकच नवरा, जॉर्ज जोसेफ स्मिथ, पकडला गेला आणि प्रेते उकरून काढण्यात आली.

झटापटीच्या खुणा जवळजवळ नव्हत्या. बळजबरीने बुडवले तर माणूस हातपाय झाडणारच; मग हे घडले कसे? इन्स्पेक्टर आर्थर नील यांनी एका पट्टीच्या पोहणाऱ्या स्त्रीला टबात बसवून तिचे पाय अचानक वर ओढले. डोके क्षणात पाण्याखाली गेले आणि ती निपचित पडली. तिला शुद्धीवर आणायला अर्धा तास लागला. नाकात एकाएकी पाणी शिरले की भान हरपू शकते, हे त्या खोलीत सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. शवचिकित्सक बर्नार्ड स्पिल्सबरी यांनी टबाचा आकार आणि देहाची ठेवण ताडून सांगितले, की फिट येऊन असे बुडणे जुळत नाही.

खटला फक्त बेसीच्या खुनाचा होता. बाकीचे दोन मृत्यू पुराव्यात घ्यावेत का, यावर वाद झाला आणि न्यायाधीश स्क्रटन यांनी ते घेतले. सारख्या घटनांची मालिका अपघात की हेतू हे दाखवू शकते, हा विचार भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 15मध्ये 1872 सालीच लिहिलेला होता: विम्यासाठी घर जाळल्याचा आरोप असलेल्या माणसाची आधीची विमा उतरवलेली घरेही एकामागून एक जळाली असतील, तर ती हकिगत ग्राह्य धरावी.

13 ऑगस्ट 1915ला स्मिथला मेडस्टोनच्या तुरुंगात फाशी झाली. ॲलिस आणि मार्गारेट यांच्या खुनाचा खटला स्वतंत्रपणे कधीच चालला नाही.