जुन्या जीपला दुसऱ्या गाडीचं इंजिन: भाग ‘बसला’ म्हणजे ‘जुळला’ का?

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. अंगणात गंजत पडलेली जीप, साखळीला लटकलेलं इंजिन, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि तिसाव्या सेकंदाला तीच जीप चिखल उडवत घाट चढतेय. खाली कमेंट ठरलेली: ‘भावा, टोटल खर्च किती?’

खर्च विचारायलाच हवा. पण त्याच्या आधी एक प्रश्न आहे. जो भाग बदलला, तो बाकीच्या गाडीशी जुळतो का? कारण गॅरेजमध्ये कटर आणि वेल्डिंग असलं की जवळपास कुठलाही भाग कुठेही बसवता येतो. तो जुळला की नाही, हे मात्र घाटात, ब्रेकवर पाय ठेवल्यावर किंवा आरटीओच्या तपासणीत कळतं.

भाग बदलावेच का लागतात?

आपल्याकडच्या जुन्या फोर-बाय-फोर गाड्या म्हणजे मुख्यतः दोन घराणी. एक महिंद्राच्या जीप. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली आणि पुढे सीजे ३बी, एमएम ५४० अशी मॉडेलं आली. दुसरी मारुती जिप्सी, जी १९८५ मध्ये आली.

सीजे ३बीमध्ये २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. पेट्रोल महागलं तशी अनेकांनी ती इंजिनं काढून डिझेल बसवली. एमएम ५४० मध्ये प्युजो कंपनीच्या रचनेचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन यायचं. महिंद्राची इंजिनं बनवणारा कारखाना आपल्या इगतपुरीत आहे. पण तीस-चाळीस वर्षांनी मूळ सुटे भाग मिळेनासे होतात. मग पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार असा शोध सुरू होतो. हरियाणातलं मंडी डबवाली तर जुन्या भागांतून अख्खी जीप उभी करण्यासाठीच ओळखलं जातं.

म्हणजे भागांची अदलाबदल हा केवळ शौक नाही. अनेक जुन्या जीप आज रस्त्यावर आहेत त्या यामुळेच.

आधी फोर-बाय-फोर समजून घेऊ

सोप्या भाषेत सांगायचं तर ही एक साखळी आहे. इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये येते, तिथून ट्रान्स्फर केसमध्ये. ट्रान्स्फर केस ती दोन वाटांनी पाठवते. एक प्रॉपेलर शाफ्ट मागच्या हाऊसिंगकडे जातो, दुसरा पुढच्या. हाऊसिंगमधले क्राऊन-पिनियन हे दोन गिअर ती ताकद चाकांपर्यंत पोहोचवतात.

जुन्या जीप आणि जिप्सीमध्ये फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. म्हणूनच या गाड्या कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये चालवत नाहीत. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तो सुटायला जागाच नसते.

न दिसणारी चूक: दोन हाऊसिंग, दोन रेशो

समजा, तुमच्या जीपचं मागचं हाऊसिंग खराब झालं. भंगारात दुसऱ्या मॉडेलचं मिळालं. पाटे जुळले, बोल्ट बसले, गाडी टू-व्हीलमध्ये झकास पळतेय. सगळे खूश.

आता गणित बघा. जुन्या विलीजच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे रेशो ५.३८. शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी. समजा, नवीन आणलेल्या हाऊसिंगमध्ये ३९ आणि ८ दात आहेत. रेशो झाला ४.८८.

दोन्ही शाफ्ट तर एकाच वेगाने फिरणार. म्हणजे पुढची चाकं एक किलोमीटर जातात तेवढ्यात मागची चाकं सुमारे १.१ किलोमीटर जायला बघतात. दर किलोमीटरला साधारण शंभर मीटरचं भांडण, तेही सरळ रस्त्यावर! ते कुठेतरी निघणार: टायर घासणार, प्रॉपेलरचे क्रॉस तुटणार, नाहीतर ट्रान्स्फर केसचे गिअर जाणार. आणि हे सगळं फोर-व्हील टाकल्यावर, म्हणजे नेमकं गाडी अडकलेली असताना.

तपासायचं कसं? चांगल्या मिस्त्रीकडे, सपाट जागेवर. एका हाऊसिंगची दोन्ही चाकं उचलून भक्कम स्टँडवर घ्यायची आणि जमिनीवरच्या चाकांना अडण लावायची. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. ट्रान्स्फर केस न्यूट्रल करायची. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या प्रॉपेलरवर लागतो, तोही सोडायचा. मग शाफ्ट हाताने फिरवायचा. दोन्ही चाकांची बरोबरीने एक फेरी होईपर्यंत शाफ्टच्या किती फेऱ्या होतात ते मोजायचं. पुढे-मागे आकडा सारखा यायला हवा. दहा मिनिटांचं काम आहे.

इंजिन बदललं की काय काय बदलतं?

‘जास्त ताकदीचं इंजिन टाकू’ हा सगळ्यांचा लाडका बदल. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारचं सीआरडीई इंजिन २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. सीजे ३बीचं मूळ पेट्रोल इंजिन साधारण १५५ द्यायचं.

फरक इथेच थांबत नाही. विलीजच्या मूळ रचनेत पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्स्फर केसचा लो २.४६ आणि हाऊसिंग ५.३८. तिन्हींचा गुणाकार करा: सुमारे ३७. म्हणजे इंजिनचा टॉर्क चाकांपर्यंत पोहोचेस्तोवर ३७ पट होतो. घर्षण सोडलं तर मूळ इंजिनचे होतात सुमारे ५,७००. मागची रचना तशीच ठेवून थारचं इंजिन लावलं, तर ९,१०० च्या वर. हा जादा भार कोण सोसणार? पन्नास वर्षं जुने गिअर, ॲक्सल आणि क्रॉस.

शिवाय बाकीच्या गोष्टी आहेतच. इंजिन जड असेल तर पुढचे पाटे बसतात. रेडिएटर लहान पडला तर घाटात इंजिन तापतं. इंजिनची जागा दोन इंच सरकली तरी प्रॉपेलरची लांबी आणि कोन बदलतो.

ब्रेकचा विचार सगळ्यात शेवटी होतो

आणि तो सगळ्यात आधी व्हायला हवा.

सीजे ३बीसारख्या जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर एकेरी. म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जाऊ शकतात. अशा गाडीला दुप्पट ताकदीचं इंजिन लावून ब्रेक तेच ठेवणं, हा हिशेब तुम्हीच करा.

मग लोक ब्रेक बूस्टर बसवतात. त्यातही एक गोम आहे. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनमध्ये तो इंजिनच्या ओढीतून आपोआप मिळतो. डिझेल इंजिनमध्ये तसा मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पेट्रोल काढून डिझेल टाकलं आणि पंप विसरला, तर बूस्टर नुसता शोभेला राहतो आणि पेडल दगडासारखं लागतं.

क्रम म्हणूनच असा ठेवा: आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग पाटे, सगळ्यात शेवटी इंजिन. पुढे डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर ही अदलाबदल रीलमध्ये भारी दिसत नाही. पण जीव वाचवते.

मोठे टायर: फुकटात मिळणारा घोळ

२८ इंची टायरच्या जागी ३१ इंची लावले की चाकाचा घेर जवळपास दहा टक्के वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या आसपास असते. चढावर इंजिन दमतं आणि ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. गाडी उचलून घेतली असेल तर स्टिअरिंगचे कोनही बिघडतात. खड्ड्यात आदळल्यावर पुढची चाकं थडथड हलायला लागली तर कारण बहुतेकदा इथे सापडतं.

जिप्सीचं तसं सोपं, पण…

जिप्सी किंग आणि मारुती एस्टीम या दोघांत १२९८ सीसीची एकाच कुटुंबातली इंजिनं होती. त्यामुळे एस्टीमचं इंजिन जिप्सीत घालणं ही लोकप्रिय अदलाबदल. पण एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. म्हणून माउंटिंग, इंजिनखालचं ऑइलचं चेंबर अशा गोष्टी जिप्सीच्या ठेवाव्या लागतात. कार्बोरेटर जिप्सीत एमपीएफआय इंजिन घालायचं तर ईसीयू, पूर्ण वायरिंग, सेन्सर आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंपही हवा. म्हणून दाता गाडी अख्खी मिळाली तर उत्तम. अर्धी वायरिंग कापून आणलेलं इंजिन स्वस्त पडतं, पण चालू व्हायला महिने घेतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग दुरुस्तीच करायची नाही का? करायची. कायद्यात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप बदलणारा रचनेतला फेरफार. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग घालणं ही दुरुस्ती. पण इंजिनचा नंबर आरसीवर असतो. त्यामुळे इंजिनला हात लावण्याआधी आरटीओत विचारा, परवानगी लेखी घ्या, जुन्या-नव्या इंजिनाची बिलं जपून ठेवा.

हे का महत्त्वाचं? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. तिथे नंबर जुळला नाही तर लाखो रुपये घातलेली गाडी दारात उभी राहते. अपघात झाला तर न कळवलेला बदल हे विम्याचा दावा नाकारण्याचं कारण होऊ शकतं.

आणखी एक वळण आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असेल तरच. म्हणजे आजोबांच्या विलीजमध्ये आज दुसरं इंजिन टाकलं तर हा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. म्हणून मूळ इंजिन भंगारात देऊ नका.

जुनी जीप घेताय? एवढं बघा

– चॅसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, आरसीशी ताडून बघा.
– चॅसिसवर नवीन वेल्डिंग दिसतंय का?
– पुढच्या-मागच्या हाऊसिंगचा रेशो मोजून घ्या.
– इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबा. पेडल कडक लागलं तर बूस्टर, पंप तपासा.
– मोकळ्या मातीत फोर-व्हील टाकून, काढून बघा.
– ‘कोणता भाग कोणत्या गाडीचा’ ही यादी विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

ही शेवटची यादी सगळ्यात मोलाची. ती नसेल तर उद्या घाटाखालच्या गावात एखादं बेअरिंग गेलं, की समोरचा मिस्त्री पहिला प्रश्न विचारेल: ‘हे कुठल्या गाडीचं आहे?’ त्याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं.