बिरसीच्या आकाशातील इंग्रजी : ‘टेक ऑफ’चा अर्थ लावताना

गोंदिया शहराजवळ असलेल्या बिरसी गावाचे नाव आज विमानतळामुळे ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे अनेक वर्षे ती जवळजवळ निजलेलीच होती. विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आल्यानंतर प्राधिकरण आणि कॅनडाची ‘सीएई’ कंपनी यांच्या भागीदारीतून येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद ही प्रवासी सेवाही सुरू झाली. मात्र, बिरसीची खरी ओळख भावी वैमानिकांचे गाव हीच राहिली आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या सीमावर्ती जिल्ह्यात मराठी, झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी या भाषा कानावर पडतात. धावपट्टीवर मात्र इंग्रजीचेच राज्य आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातील संभाषण जमिनीवरील केंद्राच्या भाषेत किंवा इंग्रजीत होऊ शकते. भारतात व्यवहाराची भाषा इंग्रजीच आहे. शाळेत इंग्रजीचे व्याकरण घोटून आलेल्या विद्यार्थ्यालाही येथे अडखळायला होते ते अवघड शब्दांपाशी नव्हे. ‘टेक’, ‘गो’, ‘होल्ड’, ‘रन’ या साध्या क्रियापदांना ‘ऑफ’, ‘अराउंड’, ‘शॉर्ट’, ‘आऊट’ अशी शेपटे जोडली जातात, तेथे त्याची खरी परीक्षा असते.

‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर. या दोहोंची बेरीज केली तर विमान उडत नाही. ‘गो अराउंड’चे भाषांतर ‘गोल फिर’ असे केले तर अनर्थच ओढवेल, कारण या आज्ञेचा अर्थ आहे, उतरणे सोडून द्या, इंजिनाची ताकद वाढवा आणि पुन्हा वर चढा. मराठी वृत्तपत्रेही येथे नेहमी गल्लत करतात. धावपट्टी मोकळी नसल्याने विमान वर थांबवून ठेवले असेल तर ‘घिरट्या घातल्या’ हा शब्द शोभतो. ‘गो अराउंड’ला तो लावणे चूक आहे. तेथे ‘वैमानिकाने उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर नेले’ असे लांबलचक पण खरे वाक्य लिहिणेच बरे. ‘टच अँड गो’ची गंमत तर आणखी वेगळी. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘काही खरे नाही, काहीही होऊ शकते’ असा होतो. बिरसीसारख्या प्रशिक्षण केंद्रात मात्र तो रोजचा सराव आहे. चाके धावपट्टीला टेकवायची आणि न थांबता पुन्हा उड्डाण करायचे.

शेपूट पुढे की मागे?

ही अडचण केवळ मराठी माणसाची नाही. इंग्रजी क्रियापदामागे अव्यय लावते, तर रशियन भाषा तेच काम क्रियापदाच्या पुढे उपसर्ग लावून करते. ‘लेतेत’ म्हणजे उडत जाणे. त्यापासून ‘व्झ्लेतेत’ म्हणजे जमीन सोडून वर उठणे, ‘प्रिलेतेत’ म्हणजे उडत येऊन पोहोचणे, ‘उलेतेत’ म्हणजे उडून निघून जाणे, ‘पेरेलेतेत’ म्हणजे उडत पलीकडे जाणे. त्यामुळे इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतर करणारा शब्दकोशात ‘ऑफ’ला प्रतिशब्द शोधत बसत नाही, तो नेमका उपसर्ग शोधतो. संस्कृतची ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. आहार, विहार, प्रहार, संहार यांत धातू एकच असून अर्थ चार दिशांना गेले आहेत. ‘उड्डाण’ शब्दातही ‘उत्’ म्हणजे वर हा उपसर्ग दडलेला आहे. बोली मराठीने मात्र तिसरी वाट धरली. ती दोन क्रियापदे जोडते : उडून जाणे, सोडून देणे, थांबून राहणे, घेऊन टाकणे. इंग्रजीतील ‘ऑफ’ आणि ‘अप’ मराठीत बहुधा या दुसऱ्या क्रियापदात उतरतात. हे ध्यानात आले की अर्धे ओझे हलके होते.

वाक्प्रचारांचे तसे नाही. त्यांना उपसर्गाची किल्ली लागत नाही. अशक्य गोष्टीविषयी इंग्रज म्हणतो, ‘डुकरे उडू लागतील तेव्हा’; रशियन म्हणतो, ‘डोंगरावर खेकडा शिट्टी वाजवील तेव्हा’ (त्यांचा खेकडा गोड्या पाण्यातला); आणि मराठी माणूस सूर्य पश्चिमेला उगवण्याची वाट पाहतो. येथे शब्दाला शब्द देणारा फसतो आणि प्रसंगाला प्रसंग देणारा तरतो. रशियात अ. व. कूनिन यांचा इंग्रजी-रशियन वाक्प्रचारकोश १९५५ मध्ये आला. त्याआधीच, १९४० च्या दशकात, मराठीत य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन खंडांत सिद्ध केला होता. कथा-कादंबरीच्या भाषांतरकाराला असे कोश हाताशी असले की पुरते. विमानात कोश उघडायला वेळ नसतो.

एका वाक्याची किंमत

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या अखत्यारीतील टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण ठार झाले. केएलएम कंपनीच्या सहवैमानिकाने नियंत्रकाला ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेक ऑफ’ अशा अर्थाचे वाक्य सांगितले होते. नियंत्रकाने त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा घेतला. प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. चालू क्रिया सांगण्याची डच भाषेतील धाटणी त्या ‘अ‍ॅट’मध्ये डोकावली असावी, असे भाषाभ्यासकांचे मत आहे. धुके, घाई, एकाच वेळी झालेल्या दोन प्रसारणांमुळे बुडालेले शब्द अशी इतरही कारणे होतीच. पण त्यानंतर जगभर एक शिस्त आली. ‘टेक ऑफ’ हे शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचे. इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले. १५८ पैकी ७३ जणांचा मृत्यू झाला. स्पॅनिश भाषक सहवैमानिकाने ‘रनिंग आऊट ऑफ फ्युएल’ असे सांगितले होते. वाक्य व्याकरणशुद्ध होते, पण नियंत्रकाच्या कानाला ते नेहमीच्या तक्रारीसारखे वाटले. ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द उच्चारला गेला नाही. तेल संपत आले आहे आणि प्राण संकटात आहेत, यातले अंतर त्या वाक्प्रचाराने दाखवले नाही.

त्याआधी वर्षभरापूर्वी, १९ फेब्रुवारी १९८९ रोजी, क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला २,४०० फुटांपर्यंत उतरण्यास सांगण्यात आले. नियंत्रकाचा ‘टू’ हा दोनचा आकडा वैमानिकांनी ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ समजला आणि विमान ४०० फुटांकडे निघाले. चौघे दगावले. मराठीत ‘दोन’ आणि ‘पर्यंत’ यांची गल्लत कधी व्हायची नाही, पण आकाशात मराठी चालत नाही!

भारताला या विषयाची सर्वांत भयंकर आठवण दिली ती १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळने. हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर, तर दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहण्याची सूचना होती. कझाक विमान त्याहून खाली आले. त्या विमानातील वैमानिक रशियनमध्ये बोलत होते आणि नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटर करत होता. उंची दाखवणारे स्वतंत्र यंत्रही त्याच्यासमोर नव्हते. म्हणजे प्रत्येक आज्ञा आधी इंग्रजीतून रशियनमध्ये आणि त्या काळी फुटांतून मीटरमध्ये उतरवावी लागत होती. नियंत्रकाने समोरच्या विमानाचा इशारा ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक’ या ठरलेल्या परिभाषेत दिला. घड्याळाच्या तबकडीवरील बारा, म्हणजे अगदी नाकासमोर. त्या विमानाची उंची म्हणून सांगितलेला १४० हा आकडा आपल्यालाच दिलेली उंची आहे असा समज झाला असावा, असेही नंतर मांडले गेले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक विमानाने नेमून दिलेली उंची सोडल्याचा ठपका ठेवला. चालकदलाचे अपुरे इंग्रजी हे त्यामागचे एक कारण होते. तेव्हा दिल्लीत येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून ये-जा करीत. पुढे हे मार्ग वेगळे झाले आणि विमानांत टक्कररोधक यंत्रणा सक्तीची झाली.

‘पास आऊट’ आणि इतर देशी अडचणी

भारतीय इंग्रजीने स्वतःचेही काही घोटाळे निर्माण केले आहेत. आपल्याकडे अभ्यासक्रम पूर्ण करणारा विद्यार्थी ‘पास आऊट’ होतो. इंग्लंड-अमेरिकेत ‘पास आऊट’ होणे म्हणजे शुद्ध हरपणे. घरच्या गप्पांत हे हसण्यावारी जाईल. वैद्यकीय अडचणीची माहिती परदेशी नियंत्रकाला देताना मात्र कोणता ‘पास आऊट’, हे लगेच कळले पाहिजे. ‘स्टँड बाय’ म्हणजे थांबा, पुन्हा बोलतो. त्यात होकार नाही, नकारही नाही. ‘गो अहेड’ म्हणजे ‘बोला’, पण घाईतला वैमानिक ‘पुढे जा’ समजू शकतो. म्हणून ब्रिटनमध्ये त्याऐवजी ‘पास युअर मेसेज’ म्हणतात. अमेरिकेने धावपट्टीवर जाऊन थांबण्याची आपली जुनी आज्ञा सोडून ३० सप्टेंबर २०१० पासून आंतरराष्ट्रीय ‘लाइन अप अँड वेट’ स्वीकारली. अंकांचे उच्चारही ठरलेले आहेत. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’. शुद्ध ‘थ्री’ म्हणण्याचा आग्रह धरणाऱ्या इंग्रजीच्या मास्तरांना ते रुचणार नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये भाषाकौशल्याची मानके स्वीकारली आणि ५ मार्च २००८ पासून ती लागू केली. अनेक देशांची तयारी नसल्याने २०११ पर्यंत सवलत द्यावी लागली. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा अंगांनी परीक्षा होते व सहा पातळ्या दिल्या जातात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पातळी लागते. वाक्प्रचारांवरील प्रभुत्वाची अपेक्षा सहाव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवर आहे. मात्र, ही पातळी मिळवलेल्या वैमानिकानेही रेडिओवर वाक्प्रचार टाळावेत, असाच संकेत आहे. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांना हा संकेत पाळणे जास्त जड जाते, असा अनुभव सांगितला जातो. चौथी पातळी मिळवलेल्याची दर तीन वर्षांनी आणि पाचवीवाल्याची दर सहा वर्षांनी फेरपरीक्षा घ्यावी, अशी शिफारस आहे. सहाव्या पातळीला फेरपरीक्षा नाही.