भुवईचे चार टाके

आमच्या धाकट्या काकांचा उजवा डोळा दिसायला अगदी चांगला आहे. त्यातून दिसत मात्र काही नाही. 1991 साली नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीजवळ ते स्कूटरवरून पडले. भुवईच्या बाहेरच्या टोकाला चार टाके पडले, बस्स. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या डोळ्यापुढे अंधार आहे. "मुंबईला नेऊन ऑपरेशन करायला हवं होतं," असं आप्पा तेव्हापासून म्हणत आलेत. त्यांची जमीन विकायचीही तयारी होती. परवा पुन्हा तोच विषय निघाला, म्हणून वाचायला बसलो.

ही जखम जुनीच. सुश्रुतसंहितेत भुवईच्या टोकाखाली, डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला 'अपांग' नावाचं मर्म सांगितलंय. तिथे मार बसला तर अंधत्व येतं किंवा दृष्टी अधू होते. कारण कळलं ते पुष्कळ नंतर. डोळ्याची नस मेंदूकडे जाताना जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या हाडाच्या बोगद्यातून जाते. भुवईवरचा धक्का हाडातून थेट तिथे पोचतो. नस सुजते, आणि हाड तर तिला जागा देत नाही.

मग हाडच काढून नस मोकळी करावी, असं विसाव्या शतकातल्या सर्जनना वाटलं. आधी कवटी उघडून, पुढे दुर्बिणीने नाकातून. काही जण स्टिरॉइडचे मोठे डोस देत.

1999 मध्ये अनेक देशांतल्या अशा रुग्णांचा हिशेब छापून आला. तक्त्यावरच्या तीन ओळी तरी जास्त वाचू लागलेले किती? ऑपरेशन केलेल्यांत 32 टक्के, स्टिरॉइड दिलेल्यांत 52, आणि काहीच न केलेल्यांत 57! हा शेवटचा गट नऊच जणांचा, त्यामुळे ऑपरेशन वाईट असं म्हणता येत नाही. पण त्याचा फायदाही सिद्ध झाला नाही. 2004 मध्ये तर डोक्याला मार लागलेल्या 10,008 रुग्णांच्या चाचणीत स्टिरॉइडमुळे मृत्यू वाढल्याचं दिसलं. हाडाचा तुकडा नसेवर दाबत असेल तर आजही ऑपरेशनचा विचार होतो. तुटलेले तंतू जोडणं मात्र अजून कुणाला जमलेलं नाही.

आप्पांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे नेलं असतं तरी...?"

"सांगता आलं नसतं, आप्पा. आजही येत नाही."

काका शेजारीच बसले होते. "मी तेव्हाच म्हटलं होतं, जमीन राहू दे," म्हणाले.

असो. गाडीवर निघताना हेल्मेट घालत जा, एवढंच.