कंदिलापासून मीटरपर्यंत

आपल्या लोह्याकडं ज्वारीच्या पेवात उतरण्याआधी जुनी माणसं पेटता कंदील सोडायची. विझला, की कुणी उतरायचं नाही. इंग्लंडच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत. १९८६ साली त्याच्या जागी यंत्र आणायचं ठरलं.

कंदिलाला प्राणवायूची कमतरता कळते, संडासच्या टाकीतला विषारी वायू कळत नाही. मिथेन असला तर भडकाच! आताचा मुठीएवढा मीटर प्राणवायू, जळणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असे चार वायू मोजतो आणि धोका दिसला की वाजतो.

सुरक्षेच्या साधनांविना टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. वाचवायला उतरणाराही दगावतो. म्हणून आपण बायांनीच आधी विचारायचं, “मीटर कुठंय?”